घरगाडीतली आतली खोली

बाईंनी माझ्या हातात पहिल्यांदा जी वस्तू दिली ती काचेची एक बाटली होती. कधीकाळी तिच्यात मुरंबा असावा. आता निम्म्यापर्यंत पाणी होतं आणि पाण्यात कागदाचा एक तुकडा. मी नोकरीच्या मुलाखतीला गेले होते. बी.एस्सी.चं प्रमाणपत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून छातीशी धरलं होतं. ते बाईंनी पाहायलाही मागितलं नाही.

"हलवा," त्या म्हणाल्या.

मी हलवली.

"अशी नाही. ताक घुसळतात तशी."

मी घुसळली. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. खिडकीच्या कठड्यावर तशाच बाटल्यांची रांग होती आणि प्रत्येकीत काहीतरी तरंगत होतं.

"काय झालं?"

"कागद भिजला."

"भिजला की विरघळला?"

मी बाटली उजेडाकडे धरली. कागद चुरगळला होता, पण अख्खा होता. "भिजला," मी म्हणाले.

"मग नापास," बाई म्हणाल्या आणि बाटली परत घेतली. माझा चेहरा बघून त्यांच्या लक्षात आलं असावं. "तुम्ही नाही हो. कागद. तुम्ही सोमवारपासून या."

बाई गेल्याचं यंदा कळलं. भंडाऱ्यात शोकसभा झाली, तिला मी गेले होते. त्यांच्या सेवेबद्दल, त्यागाबद्दल, स्त्री-आरोग्याच्या कार्याबद्दल लोक चांगलं बोलले. ते सगळं खरंच होतं. पण टाकीबद्दल कोणीच बोललं नाही. सभेत बोलण्यासारखा तो विषय नाही, हे मलाही कळतं. मीही बोलले नाही. घरी आल्यावर मात्र वाटलं, टाकी वगळली तर ज्या बाई उरतात, त्यांना मी ओळखत नाही.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी भंडाऱ्यातल्या एका धर्मादाय दवाखान्यात बाई स्त्रियांच्या डॉक्टर होत्या. लहानपण तुमसरला गेलेलं, शिक्षण नागपूरला. रुग्ण बायकांशी त्या झाडीबोलीत बोलायच्या, समितीशी पुस्तकी मराठीत, आणि रागावल्या की कोणाशीच बोलत नसत. दवाखान्याकडे एक अजब गाडी होती. एक परदेशी डॉक्टर जोडपं ती चालवत थेट आपल्या देशातून इथपर्यंत आलं होतं. काही काळ त्यांनी दवाखान्यात काम केलं आणि जाताना गाडी इथेच ठेवून गेले. ती गाडी म्हणजे चाकांवरचं घर होतं. आत झोपायचा पलंग, इवलासा ओटा, खिडक्यांना पडदे, आणि मागच्या कोपऱ्यात दार लावून घेता येईल असा संडास. संडासाखाली, गाडीच्या पोटाशी, एक टाकी. टाकीला मागच्या बाजूला नळी, नळीला झडप, झडपेला लांब दांडा. दांडा ओढला की टाकी रिकामी होई. लोक तिला घरगाडी म्हणायचे. पलंगावर बाई तपासत, ओट्यावर मी स्पिरिटचा दिवा लावून लघवी तपासत असे. गाडी किसनभाऊ चालवत. ते मोहाडीकडच्या शेतकरी घरातले, मिशीला जपणारे, गाडीला त्याहून जास्त.

गावोगावच्या बायकांनी त्या संडासाला संडास कधी म्हटलं नाही. त्या म्हणायच्या, 'आतली खोली'. ते नाव बाईंना फार आवडलं. त्या स्वतःही तसंच म्हणू लागल्या.

त्या खोलीचं महत्त्व कळायला मला एक शिबिर पुरलं. दिवसाउजेडी बाईमाणसाला जायला जागा नाही, म्हणून बायका पहाटे जात आणि मग अंधार पडेपर्यंत पाणीच पीत नसत. रोवणीच्या, म्हणजे धानाची रोपं लावायच्या, दिवसांत चिखलात वाकून दिवस काढायचा आणि घशाला कोरड. मग जळजळ, ताप, कंबर धरणं. बाईंचा प्रत्येकीला पहिला प्रश्न असे, "पानी किती पेतेस व?" उत्तर म्हणून बायका हसायच्या. पोटुशी बाईची लघवी तपासणं तर भागच होतं. ती द्यायची कुठे? कारध्याच्या शिबिरात एका ढिवर बाईने मला विचारलं होतं, "नदीत मासोरी पकडाले सांग, पकडून देतो. पण एवढ्या माणसाइत बाटली भरून कशी देऊ, पोरी?" तिला मी आतली खोली दाखवली. बाहेर आली तेव्हा तिने बाटली माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "कडी लावता येते वो तिले!" बाटलीपेक्षा तिला कडीचंच जास्त कौतुक होतं.

तर ही खोली चालू राहणं, एवढी एकच गोष्ट बाईंनी आयुष्यात मनापासून मागितली असं मला कधीकधी वाटतं. आणि ती सारखी बंद पडत होती. कारण कागद.

तपासणी झाली की बायकांना पुसायला कागद द्यावा लागे. परदेशी जोडप्याने मऊ कागदाची खोकी ठेवली होती, ती संपली. मग दवाखान्याच्या कोठीतून जे येईल ते. वर्तमानपत्रं, पुड्यांचा खाकी कागद, एकदा तर जुन्या कॅलेंडरची गुळगुळीत पानं. तो कागद आत जाई, टाकीत बसे, त्यावर दुसरा बसे, आणि एक दिवस काहीच पुढे सरकत नसे. म्हणून खिडकीतल्या त्या बाटल्या. बाई रस्त्यात कागद दिसला की उचलत, फाडून बघत, कडा जिभेला लावत आणि पर्समध्ये टाकत. दुसऱ्या दिवशी तो बाटलीत. एका गावचे पाटील दवाखान्यात आले होते, त्यांनी ती रांग बघून हळूच विचारलं, "बाई, हे कायचं औषध होय जी?"

"हे औषध नाही. परीक्षा चालू आहे."

"थे गुलाबी कायचं?"

"तंबूतल्या सिनेमाची जाहिरात आहे. पास होणार असं दिसतंय."

पाटलांनी मान डोलावली. खाली जाऊन त्यांनी कंपाउंडरला विचारलं म्हणे, की बाईंची तब्येत बरी आहे ना.

ती गुलाबी जाहिरात खरंच पास झाली. बाई मला घेऊन छापखान्यात गेल्या. छापखान्याचे मालक मोठे अगत्यशील. डॉक्टरीणबाई आल्या म्हणून त्यांनी चहा मागवला आणि लग्नपत्रिकांचे जाड, कडेला सोनेरी रेघ असलेले कागद समोर मांडले.

"यातला नको," बाई म्हणाल्या. "तुमच्याकडचा सगळ्यात वाईट कोणता?"

"वाईट माल आम्ही ठेवतच नाही बाई."

"लग्नाचा कागद टिकाऊ असतो. मला न टिकणारा पाहिजे. पाण्यात पडला की गेला पाहिजे."

"असं काय छापायचंय तुम्हाला?" मालकांनी घाबरून विचारलं. बाईंनी सांगितलं. त्यांनी लग्नपत्रिकांचे कागद उचलून बाजूला ठेवले. पण माणूस चांगला होता. जाहिरातींच्या कागदाच्या कडा कापल्या की उरणाऱ्या पट्ट्या त्यांनी पुढे नेमाने दवाखान्यात पाठवल्या. रंग निघायचा, म्हणून शिबिरातून परतणाऱ्या बायकांची बोटं कधी गुलाबी तर कधी पोपटी असत. कोणत्या गावाला आमची गाडी येऊन गेली ते बोटांवरून कळे.

बाईंच्या सवयी सांगायला बसले तर संपणार नाहीत. कोणाच्या घरी गेल्या की आधी मोरी बघत, मग माणसं. मोरी तुंबलेली असेल तर चहा घेत नसत. साडीला घड्याळ उलटं टाचलेलं असे, म्हणजे खाली मान घातली की त्यांना सुलटं दिसे आणि आपल्याला काहीच कळत नसे. टाकी किती भरली ते बघायला त्या गाडीखाली वाकत आणि रुग्णाच्या पोटावर बोटं आपटतात तशी टाकीवर बोटं आपटत. कान लावून ऐकत. "वर पोकळ आहे. खाली मऊ. ठीक." दसऱ्याला किसनभाऊंनी गाडी धुऊन, स्टिअरिंगला झेंडूची माळ घालून नारळ फोडला. बाईंनी दुसरी माळ आणली होती. ती त्यांनी मागे जाऊन टाकीच्या दांड्याला घातली.

"बाई! तेथी?" किसनभाऊंचा आवाज चिरकला. "आजच्या दिवशी?"

"सगळ्यात जास्त काम कोण करतं या गाडीत?"

"इंजन, जी."

"इंजिन थांबलं तर बैल जुंपून ओढता येईल. हे थांबलं तर काय जुंपाल?"

किसनभाऊंनी दांड्याकडे न बघता अगरबत्ती फिरवली.

माझ्या घरी मी काय काम करते ते मी नीट सांगितलं नव्हतं. आई शेजारणींना 'प्रयोगशाळेत आहे' असं सांगायची आणि विषय बदलायची. एकदा मला बघायला नागपूरची मंडळी आली होती. पोह्यांच्या बशा फिरत होत्या. मुलाच्या आईने विचारलं, मुलगी नेमकं काय करते. आईने 'प्रयोग' हा शब्द उच्चारला असेल नसेल, तेवढ्यात दारात बाई उभ्या. कुठल्याशा चाव्या मागायला आल्या होत्या.

"लघवी तपासते," बाई म्हणाल्या. "आणि फार चांगली तपासते. तिच्या हातून एकही सुटत नाही."

बैठकीत कोणी बशी खाली ठेवली तर आवाज मोठा वाटावा, अशी शांतता. बाईंनी सगळ्यांना नमस्कार केला, आत डोकावून मोरी पाहिली, चाव्या घेतल्या आणि गेल्या. ते स्थळ अर्थातच पुढे गेलं नाही. पण मुलाची आई निघताना मला दाराआड घेऊन हळूच म्हणाली, "पोरी, मले लई दिवसांपासून जळजळ होते. कोनाले सांगू, समजत नाही. त्या बाई कवा भेटते?" पुढे ती नागपुरातले इतके दवाखाने सोडून भंडाऱ्याला आली. त्या दिवसापासून आईने 'प्रयोगशाळा' म्हणणं सोडलं आणि मीही माझ्या कामाचं नाव खालच्या आवाजात घेणं सोडलं. आयुष्यभर त्याच कामावर मी उभी राहिले. बाईंचं देणं मोजायला बसले की आधी ती शांत बैठक आठवते, आणि हसू येतं.

दवाखान्याच्या समितीचे सचिव मात्र या प्रकारावर खूश नव्हते. गृहस्थ शिस्तीचे होते, वाईट नव्हते. दवाखान्याच्या गाडीत संडास असावा आणि त्याच्याच भिंतीला लागून औषधं असावीत, हे त्यांना अशोभनीय वाटे. दोनदा टाकी तुंबून वास सुटला होता, तेव्हा त्यांनी बाईंना बोलावून सांगितलं, "पुन्हा एक तक्रार आली की मी सुतार बोलावतो. ते काढून तिथे औषधांचं कपाट करू."

"बायका कुठे जातील?" बाईंनी विचारलं.

"आजवर जात होत्याच ना?"

बाई रागावल्या, म्हणजे काही बोलल्या नाहीत.

यानंतर तक्रार येऊ नये म्हणून सगळ्यात जास्त धडपड कोणी केली असेल तर किसनभाऊंनी. आणि घोटाळा झाला तो त्यांच्याच धडपडीमुळे.

नाकाडोंगरीला शिबिर होतं. धानकापणीचे दिवस. सकाळी गाडी शाळेजवळच्या आंब्याखाली लावली, बायका जमू लागल्या, आणि पहिलीच बाई आतल्या खोलीतून परत आली. "बाई, खाली जात नाही जी." बाई वाकून गाडीखाली गेल्या. बोटं आपटल्याचा आवाज आला. एकदा, पुन्हा, वेगवेगळ्या जागी. वर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा बदलला होता.

"वर हवा आहे, खाली दगड. पाण्याचा थेंब नाही. किसनभाऊ, टाकीतलं पाणी कुठे गेलं?"

किसनभाऊ मिशीवरून हात फिरवत पुढे आले. चेहऱ्यावर थोडा अभिमानच होता. "मी भरूच नाही देत टाकी आता. दांडा जरासाक उघडा ठेवतो अन् खाली डबा बांधतो. येते तसं पानी डब्यात जाते, डबा मी खड्ड्यात रिकामा करतो. भरनच नाही तं तुंबन कशी?"

"पाणी जातं. आणि बाकीचं?"

किसनभाऊंनी बाकीच्याचा विचार केला नव्हता.

"कोणी सांगितलं तुम्हाला हे?"

"सांगाले कायले लागते जी? दिवाळी झाली का बांधीतलं पानी सोडाच लागते. नाही तं धान लोळते."

बांधी म्हणजे धानाचं बांध घातलेलं शेत. ज्याचा जन्म बांधीच्या कडेला गेला त्याला पाणी कधी राखायचं आणि कधी सोडायचं हे शिकवावं लागत नाही. किसनभाऊंनी टाकीलाही तोच नियम लावला होता. बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं आता बोलणं बंद. पण त्या खाली बसल्या, चपलेच्या टोकाने मातीत एक चौकोन काढला.

"धान कापायचं असेल तर पाणी सोडायचं. बरोबर. रोवणीच्या आधी बांधीतलं पाणी सोडलं तर?"

"असं कसं सोडन जी? चिखल आवळून जाते. मंग नांगर बी नाही चालत."

"मग टाकीत आपण धान कापतो का किसनभाऊ?"

किसनभाऊंनी वाकून तो चौकोन पाहिला. मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. "मायबाई! चिखल आवळला."

"ही बांधी रोवणीचीच. बारा महिने रोवणी. आत आधी पाणी, मग माणूस, मग पुन्हा पाणी. भरत आली की एकदम सोडायची, सगळं घेऊन जाते. थेंब थेंब सोडाल तर पाणी निघून जातं आणि आपल्याजवळ राहतो तो कागद."

हे चालू असताना एक बैलगाडी आली. त्यातून पारबता नावाची एक पोटुशी बाई उतरली, तिच्या पुढे तिची सासू. जंगलाकडच्या एका टोलीवरून, चार घरांच्या वस्तीवरून, आल्या होत्या, गावात ओळखीचं घर नव्हतं. पारबताचा सातवा महिना चालू होता. पावलं सुजून गुळगुळीत झाली होती, डोळ्यांखालीही सूज. डोकं दुखतं म्हणाली. बाईंनी रक्तदाब पाहिला. वर होता. बाई सासूला म्हणाल्या, "हिले भंडाऱ्याले नेवा लागते. आजच."

"कायले?" सासू म्हणाली. "पाय तं साऱ्या बायाइचेच सुजते. मले एवढे लेकरं झाले, मी कोन्या दवाखान्यात गेलो? धान कापाले आलं हाये. गोळी द्या, आमी जातो."

"लघवी तपासून पाहातो. मंग सांगतो."

पारबताने मान हलवली. सकाळपासून तिने पाणी घेतलं नव्हतं. मी पेला पुढे केला तर तिने तो परत सरकवला. आंब्याभोवती शाळेची पोरं होती, समोर रस्ता, रस्त्यावर माणसं, पलीकडे कापणीवर माणसं.

"पानी पेलो तं जावा लागन," ती माझ्याजवळ तोंड आणून म्हणाली. "थे आतली खोली चालू झाली का पीन मी."

सासूने बैलांना पेंढा टाकला. "बैलाइचं खाऊन होतवर थांबतो," ती म्हणाली. "मंग थांबत नाही."

बाईंना त्या पेंढ्याकडे बघताना मी पाहिलं. मग त्या कामाला लागल्या. ओट्यावर उकळवलेलं पाणी कोमट करून, त्यात साबणाचा चुरा घालून आत ओतलं. विहिरीवरच्या बायकांना हाक मारली. बायका घागरी घेऊन आल्या. एक आत ओते, दुसरी विहिरीकडे जाई.

"प्याचं पानी संडासात ओतून राहिल्या, बाप्पा!" सासू बैलाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली. "शिकेल बाईचे चाळे पाहा."

"तुम्ही पण एक घागर आना नं मावशी," बाई म्हणाल्या. सासूने आणली नाही.

टाकी भरल्यावर बाई गाडीत चढल्या. "किसनभाऊ, इकडचा सगळ्यात वाईट रस्ता कोणता?"

"खानीचा, जी. टरकाइनं चाळणी केली त्याची. म्हनून तं आपुन तिकडून येत नाही."

"तिकडेच चला. एक खड्डा सोडायचा नाही. टाकीतलं ताक घुसळायचंय."

किसनभाऊंनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. "बाई, जिनगी गेली माझी खड्डे चुकवून."

"म्हणून तर कोणता कुठे आहे ते तुम्हालाच ठाऊक."

गाडी गेली. आम्ही आंब्याखाली बसून होतो. लांबून, खाणीच्या बाजूने, भांडी आदळल्याचा आवाज येत राहिला. मधूनच तो थांबे, गाडी वळत असावी, मग पुन्हा सुरू होई. पारबताने डोळे मिटले होते. डोळ्यांपुढे काजवे चमकतात म्हणाली. बाईंनी मला या कामात घेतल्यापासून, काजवे दिसले म्हणजे झटके जवळ आले, हे मला ठाऊक होतं. मी बैलांकडे बघितलं. पेंढा संपत आला होता.

गाडी परत आली ती गावाबाहेर खणून ठेवलेल्या खड्ड्याशी थांबली. आंब्याखालून तो खड्डा दिसायचा. किसनभाऊ मागे गेले, दांडा धरून त्यांनी एकदम ओढला. मग जो आवाज झाला त्याचं वर्णन मी करत नाही. पण त्यामागून किसनभाऊंची आरोळी आली, "गेलं जी! सारं गेलं!" विहिरीवरच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. बाई गाडीतून उतरल्या तेव्हा अंबाडा सुटला होता, कपाळाला टेंगूळ होतं आणि चेहऱ्यावर असं समाधान होतं, जे मी पुढे कित्येक बाळंतपणांनंतरही त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं नाही. खड्ड्यावर माती ओढून, टाकीत ताजं पाणी घालून, गाडी आंब्याखाली आली.

"आता पे," बाईंनी पारबताला सांगितलं.

ती प्याली. पेल्यामागून पेला. सासू बैल जुंपायला उठली होती. तिने सुनेला असं पाणी पिताना बहुधा कधी पाहिलं नसावं. जू हातात धरून ती तशीच उभी राहिली. थोड्या वेळाने पारबता आतल्या खोलीत गेली. कडी लागल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिने पदराखाली बाटली झाकली होती.

मी परीक्षानळी दिव्यावर धरली. वरचा भाग तापू लागला आणि पांढरा झाला. आम्लाचे थेंब टाकले तरी पांढराच राहिला. एवढा दाट मी तोवर पाहिला नव्हता. बाईंनी नळी माझ्या हातातून घेतली आणि सासूपुढे धरली.

"अंडं शिजवल्यावर पांढरं होते नं? तसंच हे. हिच्या रक्तातलं बळ हाये. लघवीतून जाऊन राहिलं. आज नाही नेलं तं हिले झटके येतीन. मंग ना हे राहीन, ना लेकरू."

सासूने नळी हातात घेतली. तिरकी केली, उजेडात धरली. माझ्याकडे बघितलं, मग सुनेकडे. कापणीचं एक अक्षर बोलली नाही.

"गाडी अंधार पडाच्या आत पोचते का?" तिने विचारलं.

पारबताला पलंगावर डाव्या कुशीवर निजवलं, पडदे ओढले. सासू तिच्या पायाशी बसली. बैलगाडी कोणीतरी परत नेली. बाई पुढे वाकून म्हणाल्या, "किसनभाऊ, आता एकही खड्डा लागता कामा नये."

"सकाळी धुंडाले लावले, आता चुकवाले लावता."

"सकाळी टाकीचं पोट होतं. आता बाईचं आहे."

किसनभाऊंनी त्या दिवशी जशी गाडी चालवली तशी पुन्हा कधी चालवली नाही. ओट्यावरच्या पेल्यातलं पाणी डुचमळलं नाही. तुमसर गेलं, मोहाडी गेली. मोहाडीला त्यांचं घर रस्त्यापासून जवळ होतं, तिकडे त्यांनी मानही वळवली नाही. भंडाऱ्यात शिरलो तेव्हा दिवे लागायचे होते.

पारबता दवाखान्यात बरेच दिवस होती. दिवस पुरे भरण्याआधीच बाळंत झाली. मुलगी झाली. एवढीशी होती, पण रडली ती सगळा वॉर्ड ऐकेल अशी. सासू तिला कापसात गुंडाळून कुशीत घेऊन बसायची आणि कोणी जवळ आलं की आधी हात धुवायला लावायची.

त्या सुमारास सचिव वॉर्डात आले. नाकाडोंगरीचा गोंधळ त्यांच्या कानावर गेला होता. टाकी तुंबली, गाडी खाणीच्या रस्त्यावर नेऊन आदळली, हे सगळं. सुतार व्हरांड्यात मोजमापाची पट्टी घेऊन उभा होता. बाई खाटेशी पारबताची नाडी बघत होत्या.

"डॉक्टर, गाडीतल्या त्या संडासाबद्दल," सचिव म्हणाले.

पुढचं त्यांना बोलता आलं नाही. सासूने 'गाडी' आणि 'संडास' हे दोन शब्द ऐकले आणि तिने आपल्या मनाशी हिशेब लावला. पांढरे कपडे, पॉलिश केलेले बूट, मागे माणूस. मालक हेच असणार. तिने नात सुनेच्या कुशीत दिली आणि सरळ त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं.

"तुमीच बसोली का जी थे आतली खोली? देव तुमचं भलं करो मालक. थे नसती तं माझी सून पानी नसती पेली. सून नसती, हे पोरगी नसती. बाया माणसाचा कोनी इचार करते का? तुमी केला."

सचिव पाय मागे घ्यायला बघत होते, पण म्हातारीने घोटे पकडले होते. आजूबाजूच्या खाटांवरच्या बायका उठून बसल्या. एकीने पदर डोक्यावर घेतला. सचिवांनी बाईंकडे पाहिलं. त्या वेळी त्यांच्या नजरेत जे होतं ते आठवलं की मला त्यांचीही माया येते. बाई एक शब्द बोलल्या असत्या, तरी खरं काय ते उघडं पडलं असतं.

बाईंनी नाडीवरून बोटं काढली नाहीत. उलट्या घड्याळाकडे बघत म्हणाल्या, "हो मावशी. साहेबांचाच आग्रह होता."

सचिव वाकले आणि म्हातारीला त्यांनी हाताला धरून उठवलं. व्हरांड्यात जाऊन सुताराला ते काय म्हणाले ते आम्हाला ऐकू आलं नाही. सुतार पट्टी गुंडाळून गेला. पुढच्या महिन्यात कोठीतून आतल्या खोलीसाठी नवी कडी आली आणि पाण्यासाठी झाकणाचं पिंप. सचिवांच्या सहीने. त्यानंतर ऐंशीच्या दशकात गाडी मोडीत निघेपर्यंत ती खोली बंद पडली नाही.

म्हातारीचे हात त्या दिवशी चुकीच्या पायांवर पडले, आणि बाईंनी ते तिथेच राहू दिले. त्या गाडीत कडी लावून निर्धास्त बसलेल्या बायकांना, दिवसा पाणी पिऊ लागलेल्या बायकांना, त्यांच्या पोटच्या लेकरांना कोणाचे आभार मानायचे हे कधी कळलंच नाही. मला ठाऊक होतं. शोकसभेत फुलं वाहताना मी बाईंच्या तसबिरीला हात जोडले, ते माझे होते. हे लिहिताना त्या म्हातारीचे हात जोडते आहे.